डिलिव्हरीत ठोके दाखवणारी पट्ट्याची मशीन नसलेल्या दवाखान्यात जावं का?

नाल्यापलीकडचा

नमस्कार मंडळी. घरात याच्यावरून रोज किरकिर चालू आहे म्हणून इथं टाकून राहिलो, ज्याले माहिती आहे त्यानं नीट सांगा. बायकोला आठवा लागला, पहिलंच आहे, तारीख पोळ्याच्या मागंपुढं दिली. आम्ही आर्वी तालुक्यातले. तिचं माहेर नदीपलीकडे धामणगावच्या बाजूनं आहे पण तिची आई नाही, म्हणून बाळंतपण आमच्याकडंच करायचं ठरलं.

आता दोन दवाखाने आहेत. एक सरकारी, तिथं बाळाचे ठोके ऐकायले हातात धरायचं छोटं यंत्र आहे, पोटाला लावलं की धकधक ऐकू येते, सिस्टर मोजते आणि कागदावर लिहिते. दुसरा प्रायव्हेट, तिथं मोठी मशीन आहे, पोटाला दोन पट्टे बांधतात, कागदाची पट्टी निघत राहते, आणि तिथले म्हणाले की कळा सुरू झाल्यापासून बाळ बाहेर येईपर्यंत आमच्याकडे पट्टा चालूच राहते, तुम्ही बेफिकीर राहा. पॅकेज ऐकून मी बेफिकीर काही राहिलो नाही. पेरणीत पैसा गेला, वरून दुबार पेरणी करावी लागली. भाऊ म्हणते कर्ज काढ पण मशीनवालीकडेच ने. आई म्हणते माह्या साऱ्या डिलिव्हऱ्या सुईनीनं केल्या, तिच्याजवळ काय मशीन होती काय. (एक लेकरू गेलं होतं हे आई त्यावेळी सांगत नाही.)

मले एवढंच पाहिजे की सतत मशीन लावल्यानं बाळ वाचते का? वाचत असन तर पैशाचं पाहू कसंही.

कपाशीची_बोंड

माझी डिलिव्हरी अशाच पट्टेवाल्या दवाखान्यात झाली. सकाळी पट्टा बांधला तो सिझरला नेईपर्यंत सोडला नाही, कूस बदलली की ठोके गायब व्हायचे मग सिस्टर येऊन ओरडायची हलू नका म्हणून, उताणी पडून पडून कंबर गेली. सासूबाई, नवरा, नणंद सगळे त्या आकड्याकडं बघत बसलेले, माझ्याकडं कोणाचं लक्षच नाही. १४० वरून ९५ झाला की सगळ्यांचे चेहरे पडायचे आणि परत १४० आला की चहा. दुपारी डॉक्टर म्हणाले ठोके खाली चाललेत, सिझर करावं लागेल. केलं. पोरगी निघाल्या निघाल्या जी रडली ती अख्ख्या मजल्याला ऐकू गेली. आता ती मशीनमुळे वाचली की तिला काही झालंच नव्हतं हे मला आजपर्यंत कोणी सांगितलं नाही.

विदर्भवादी_बावा

भाऊ मशीनवालीकडेच जा. काहून इचारून राहिला? पुण्या-मुंबईत प्रत्येक बाईले मशीन लागते आन् आमच्या बायांले पोटाले टेकवून कान लावाची नळी आन् सिस्टरचा अंदाज. सरकारी दवाखान्यात मशीन नाई म्हनून मंग सांगतेत का मशीनची गरजच नाई. रस्ता नाई तं म्हनतीन पायी चालनं तब्येतीले चांगलं. पैसेवाल्याच्या लेकराचा जीव तो जीव आन् कास्तकाराचं लेकरू काय फुकटचं आहे काय?

सिस्टर_रात्रपाळी

बावा, रागावू नका, पण "अंदाज" म्हणालात म्हणून लिहिते. मी बरीच वर्षं लेबर रूमला आहे, विदर्भातच, कुठं ते विचारू नका.

ठोके ऐकणं म्हणजे यंत्र टेकवलं आणि हो बाबा चालू आहेत असं नसतं. आधी हातानं चाचपून बाळाची पाठ कोणत्या बाजूला आहे ते शोधायचं, ठोके पाठीवरून स्वच्छ येतात. डॉप्लर, म्हणजे तेच हातात धरायचं छोटं यंत्र, तिथं लावायचा आणि दुसऱ्या हातानं बाईच्या मनगटाची नाडी धरायची. ही नाडी महत्त्वाची आहे, कारण घाबरलेल्या, दमलेल्या बाईची स्वतःची नाडी १२० च्या वर जाते आणि तीच यंत्रात ऐकू येऊन बाळ छान आहे असं वाटू शकतं, इकडं बाळ बिचारं खाली चाललेलं असतं. दोन्ही वेगळे आहेत हे पटलं की मग पूर्ण एक मिनिट मोजायचं. आणि मोजायचं कधी, तर कळ चालू असताना सुरू करून कळ गेल्यावर निदान अर्धं मिनिट. कळ नसताना मोजलेला आकडा सुंदर येतो, तो लिहायलाही बरा वाटतो, पण त्याच्यानं कळत काही नाही.

कारण असं, कळ आली की पिशवी आवळते आणि बाळाकडं जाणारं रक्त तेवढ्या वेळापुरतं कमी होतं. दणकट बाळ तेवढा वेळ काढून नेतं. ज्याची शिल्लक संपत आली त्याचे ठोके कळ संपता संपता पडतात आणि वर यायला वेळ घेतात. ते "वर यायला वेळ घेणं" ऐकायचं असतं. नॉर्मल म्हणजे ११० ते १६०, आमच्या जुन्या ट्रेनिंगच्या चार्टवर १२० ते १६० लिहिलेलं होतं. कळा जोरात लागल्या की दर १५ ते ३० मिनिटांनी ऐकायचं आणि बाई जोर लावायला लागली की दर ५ मिनिटांनी. हे मी मनचं सांगत नाही, जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या सूचनांमध्ये हेच आहे, आम्हाला ट्रेनिंगमध्ये हेच शिकवतात.

ठोके पडले तर बाईला डाव्या कुशीवर करते, कळा वाढवायचं सलाईन चालू असेल तर पहिले बंद करते, आतून तपासून नाळ तर खाली आली नाही ना बघते, पाण्याचा रंग बघते, डॉक्टरला फोन करते आणि पुढच्या कळेला परत ऐकते. तोपर्यंत नातेवाईक दारात विचारत असतात "सिस्टर, पोरगा की पोरगी".

आता मशीन नसल्यानं अडतं का तर कधी कधी अडतं, खोटं कशाला बोलू. पण त्याच्यापेक्षा जास्त अडतं ते डॉप्लरचे सेल संपले आणि नवे आले नाहीत, जेली संपली, आणि रात्री मी एकटी आणि तीन बाया कळा देऊन राहिल्या तेव्हा. अशा रात्री दर १५ मिनिटांनी कसं ऐकायचं ते मला सूचना लिहिणाऱ्यांनी येऊन दाखवावं. बऱ्याच ठिकाणी पार्टोग्राफ, म्हणजे कळा आणि ठोके वेळेवर लिहायचा तक्ता, डिलिव्हरी झाल्यावर बसून भरतात हे सगळ्यांना माहीत आहे. त्यात ठोके नेहमी १४० असतात. १४०, १४२, १४०, १३८. असा कागद दिसला की समजून घ्यायचं.

विदर्भवादी_बावा

सिस्टर तुमच्यावर राग नाई जी. पन तुम्हीच म्हनून रायल्या का एकटी सिस्टर तीन बाया. मंग अशा जागी तं मशीन जास्त पाहिजे ना? मशीन थकत नाई, जेवाले जात नाई. मुद्दा तोच आहे माहा.

गावठी_एमबीबीएस

बावांचा प्रश्न बरोबर आहे आणि त्याचं उत्तर एका ओळीत होत नाही. मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, पीजी सरकारी कॉलेजात झालं, आता तालुक्याच्या गावी स्वतःचा छोटा दवाखाना आहे आणि माझ्याकडे ही पट्ट्याची मशीन आहे, म्हणजे माझंही थोडं दुकान त्याच्यावर चालतं असं धरूनच वाचा.

मशीनला आम्ही सीटीजी म्हणतो, लोक एनएसटी म्हणतात. एक पट्टा बाळाचे ठोके घेतो, दुसरा कळा, आणि दोन्ही एका कागदावर एकाखाली एक उमटतात. १९५० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत एडवर्ड हॉन यांनी यावर काम सुरू केलं, मग जर्मनीत हॅमाखर यांनी, आणि १९६८ च्या सुमारास मशीन विकायला आली. गंमत अशी की मशीन आधी दवाखान्यात शिरली आणि ती कामाची आहे का हे नंतर तपासलं गेलं. तेव्हा डॉक्टरांना खरंच वाटत होतं की आता पोटात दगावणारी बाळं आणि सेरेब्रल पाल्सी, म्हणजे जन्माच्या आधी किंवा आसपास मेंदूला इजा होऊन हातपाय आखडलेली मुलं, हे सगळं थांबणार.

मग तपासणी झाली. सगळ्यात मोठी आयर्लंडमध्ये डब्लिनला, १९८५ साली छापून आली. जवळपास १३,००० बाया. अर्ध्यांना सतत मशीन, अर्ध्यांचे ठोके सिस्टरनं नळीनं ठरलेल्या वेळी ऐकायचे, कोणाला काय ते चिठ्ठी टाकून. मेलेली बाळं दोन्हीकडे सारखी, १४ आणि १४. जन्मल्यावर झटके आलेली बाळं मशीनवाल्या बाजूला १२ आणि नळीवाल्या बाजूला २७, म्हणजे इथं मशीन सरस. पण चार वर्षांनी मुलं तपासली तेव्हा सेरेब्रल पाल्सीत फरक नाही. नंतर अशा सगळ्या चाचण्या एकत्र केल्या, १३ चाचण्या, ३७,००० च्या वर बाया, तरी चित्र तेच राहिलं. झटके निम्म्यावर, मृत्यूत फरक नाही, सेरेब्रल पाल्सीत फरक नाही, आणि सिझर मात्र दीडपटीच्याही वर. चिमटे-व्हॅक्युम लावून बाळ काढणं पण थोडं जास्त.

म्हणजे भाऊ, "सतत मशीन लावल्यानं बाळ वाचते का" याचं उत्तर, निरोगी बाई, दिवस भरलेले, कळा आपोआप आलेल्या, अशा ठिकाणी वाचणाऱ्या बाळांची संख्या वाढलेली कोणाला दाखवता आलेली नाही.

का नाही? कारण चांगल्या बाळाचे ठोकेही पडतात. डोकं खाली सरकताना दाबलं जातं तेव्हा पडतात, नाळ क्षणभर चेपली की पडतात, आणि आपोआप वर येतात. मशीन ते प्रत्येक पडणं कागदावर छापते. छापलेलं दिसलं की डॉक्टरला गप्प बसणं कठीण जातं, आणि बाहेर दारात पंधरा माणसं उभी असतील तर अजून कठीण. वर तो कागद वाचणं हे काही गणित नाही. एकच पट्टी दोन तज्ज्ञांना दिली तर दोन मतं येतात, त्याच तज्ज्ञाला काही महिन्यांनी परत दिली तर तो स्वतःशीच सहमत होत नाही, यावर अभ्यास आहेत. पट्टी सुंदर असेल तर बाळ ठीक आहे हे बऱ्यापैकी खात्रीनं सांगता येतं. पट्टी वाईट दिसली तर बाळ खरंच संकटात आहे का हे तितक्या खात्रीनं नाही.

बावा, "गरिबाला नळी" याबद्दल. इंग्लंडमध्येही कमी जोखमीच्या बाईला सतत मशीन न लावता ठरलेल्या वेळी ऐका असंच तिथल्या नाईस या सरकारी आरोग्य संस्थेच्या मार्गदर्शनात लिहिलंय, आणि तिथं मशीनची कमी नाही. तेव्हा हे गरिबाला पटवायला शोधलेलं कारण नाही. पण तुमचा दुसरा मुद्दा मला मान्य करावा लागतो. डब्लिनमध्ये कळा देणाऱ्या प्रत्येक बाईजवळ एक सिस्टर बसलेली होती. आपण त्यांचा निष्कर्ष उचलला आणि त्यांची सिस्टर तिथंच ठेवून आलो. एकटी सिस्टर तीन बाया असतील तर नळीही चालत नाही आणि मशीनही चालत नाही, कारण मशीन थकत नसली तरी तिची पट्टी कोणीतरी बघावी लागते.

नळी आणि हातातला डॉप्लर यातला फरक मात्र खरा आहे. झिम्बाब्वेत हरारेला १९९४ साली छापलेली चाचणी आहे, आपल्यासारखीच गर्दीची लेबर रूम. तिथं डॉप्लरनं नळीपेक्षा बिघडलेले ठोके खूप जास्त पकडले गेले आणि बाळांची अवस्थाही चांगली निघाली. तेव्हा भांडायचंच असेल तर प्रत्येक उपकेंद्रात चालू डॉप्लर, सेल आणि अजून एक सिस्टर यासाठी भांडा, मी तुमच्यासोबत आहे.

कपाशीची_बोंड

म्हणजे मॅडम माझं सिझर उगाच झालं का?

गावठी_एमबीबीएस

ताई, पट्टी न बघता सांगणं चुकीचं होईल आणि पट्टी बघूनही कदाचित सांगता येणार नाही. रडत आलेलं बाळ म्हणजे सिझर उगाच झालं असं नसतं, कधी कधी वेळेत काढलं म्हणूनच ते रडतं. एक मात्र सांगते, उताणं झोपवून ठेवणं आणि मग ठोके पडले म्हणणं हे मला पटत नाही. उताणं झोपलं की पिशवीचं वजन मागच्या मोठ्या रक्तवाहिन्यांवर येतं, बाळाकडं रक्त कमी जातं. पट्टा कुशीवर झोपूनही बांधता येतो. बसूनही.

चिमूरची

मी सहसा लिहीत नाही, वाचते फक्त. माझा मुलगा सहा वर्षांचा आहे, सेरेब्रल पाल्सी आहे त्याला, मान आता धरतो, बसवलं तर बसतो. माझ्या वेळी त्या दवाखान्यात मशीन होती. भरती झाले तेव्हा पट्टा बांधून वीसेक मिनिटं कागद काढला, चांगला आहे म्हणाले, फाईलला लावला आणि पट्टा सोडला. त्याच्यानंतर रात्रभर कोणी ठोके ऐकले नाहीत. सलाईन चालू होतं कळांचं. मी सांगत होते की कळा थांबतच नाहीत, एक संपायच्या आत दुसरी येते, तर म्हणे पहिलटकरीण आहे, असंच होते. पहाटे पाणी हिरवं गेलं तेव्हा धावपळ झाली, पोटावर चढून दाबलं, बाळ निघालं ते रडलं नाही. फाईलमधला तो कागद अजून आहे माझ्याकडे, एकदम छान आहे तो.

तर भाऊ मशीन आहे की नाही हे विचारू नका. रात्री कोण ऐकणार आहे ते विचारा.

विदर्भवादी_बावा

ताई... काय लिवू. लेकराले माह्याकडून आशीर्वाद.

गावठी_एमबीबीएस

चिमूरची ताई, लिहिल्याबद्दल आभार मानणं पण कसंतरी वाटतंय. तुमच्या मुलाच्या बाबतीत नेमकं काय झालं हे इथं बसून मी सांगू शकत नाही, सेरेब्रल पाल्सीची बहुतेक कारणं कळांच्या आधीची असतात, कमी दिवसाचं बाळ, पोटातलं इन्फेक्शन वगैरे. पण तुम्ही लिहिलेल्या रात्रीबद्दल बोलायला मला कारण शोधायची गरज नाही. कळा वाढवायचं सलाईन चालू असेल तर बाई "कमी जोखमीची" राहतच नाही. तिथंच सतत मशीन लावायची असते किंवा निदान कोणीतरी जवळ बसून वारंवार ऐकायचं असतं, कारण कळा एकामागे एक आल्या तर मधल्या वेळात बाळाला दम घ्यायला जागा मिळत नाही. दहा मिनिटांत पाचपेक्षा जास्त कळा म्हणजे सलाईन कमी करा, बंद करा. आणि पोटावर चढून दाबणं हे करू नये असं स्पष्ट लिहिलेलं आहे, तरी चालूच आहे.

भरतीच्या वेळची वीस मिनिटांची पट्टी हा पण एक रिवाजच आहे. ती पट्टी त्या वीस मिनिटांचं सांगते. कमी जोखमीच्या बायांमध्ये तशी पट्टी काढल्यानं बाळांचा फायदा दिसलेला नाही, सिझर मात्र साधारण वीस टक्क्यांनी वाढल्याचं दिसतं.

मुलाची थेरपी चालू असेलच. नसेल तर आरबीएसके, म्हणजे मुलांच्या सरकारी तपासणीच्या गाडीतल्या डॉक्टरांना जिल्ह्याच्या डीईआयसी, म्हणजे अशा मुलांच्या लवकर उपचाराच्या केंद्राची चिठ्ठी मागा, फिजिओथेरपी तिथं फुकट असते.

चिमूरची

चालू आहे मॅडम, महिन्यातून दोनदा नेते.

आशा_धारणी

मी मेळघाटात आशा आहे, कोरकू गावं माझ्याकडे. तुमची सगळ्यांची चर्चा वाचली, आमच्याकडे प्रश्न याच्या आधीच चालू होतात. पावसाळ्यात नाला आला की अँब्युलन्स पलीकडे आणि बाई अलीकडे, डॉप्लरनं ठोके पडलेले ऐकू आले तरी नेणार कुठं? म्हणून आम्ही तारखेच्या आधीच बाईला पीएचसीच्या माहेरघरात आणून ठेवतो, सोबत एक माणूस आणि लहान लेकरू असलं तर ते पण राहू शकते, जेवण मिळते. येत नाहीत सहजासहजी. घरी कोंबड्या कोण बघन, नवरा कोण बघन, असं चालते. पण आल्या की रात्रीची धावाधाव वाचते.

भाऊ तुमचं नावच नाल्यापलीकडचा आहे म्हणून म्हणते, पोळ्याच्या वेळी तुमच्या नाल्याला पाणी असते का? असेल तर आठवडाभर आधी दवाखान्याच्या गावात कोण्या सोयऱ्याकडे नेऊन ठेवा.

अजून एक. घरी कळा सुरू झाल्यावर गावातल्या कोण्या डॉक्टरकडून कळा वाढवायची सुई मारून मग दवाखान्यात आणतात, हे मी धारणीत पाहिलं आणि सपाटीवरच्या माझ्या बहिणीच्या गावात पण पाहिलं. ती सुई सलाईनसारखी बंद करता येत नाही. एकदा गेली की गेली.

सिस्टर_रात्रपाळी

आशाताईंच्या सुईच्या गोष्टीला माझे दोन्ही हात वर. आणि अशी सुई घेऊन आलेली बाई आम्हाला सांगत पण नाही, घाबरते. निदान सांगा हो, रागवणार नाही कोणी. रागवलो तरी सांगा.

नाल्यापलीकडचा

सगळ्यांचं वाचलं, बायकोला पण वाचायला दिलं. चिमूरच्या ताईचं वाचून ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली दोन्ही दवाखान्यात जाऊन विचारू. तर गेलो.

प्रायव्हेटमध्ये विचारलं रात्री कोण असते, तर एक पोरगी असते, शिकलेली आहे म्हणे पण काय शिकली ते सांगितलं नाही. डॉक्टर वरच्या मजल्यावर राहतात हे चांगलं. भूल देणारे डॉक्टर वर्ध्यावरून बोलवावे लागतात, रक्त पण तिकडूनच. सरकारीत रात्री सिस्टर असते, सिझर होते पण भुलीचे डॉक्टर असतील तर, नसतील तर वर्धा नाही तर सेवाग्रामला पाठवतात, गाडी फुकट. डॉप्लर चालू आहे, सिस्टरनं बायकोला ठोके ऐकवले पण, एका हातानं नाडी धरून. मी तिथंच ओळखलं की ही आपल्या धाग्यावरच्या सिस्टरची बहीण आहे.

नाल्याचं खरं आहे. पूर आला की दोन-तीन तास पूल पाण्याखाली असते. आर्वीत मामेबहीण आहे, तिच्याकडं ठेवतो.

आता एक बावळट प्रश्न. भाऊनं ऑनलाईन घरी वापरायचा डॉप्लर पाहिला, फार महाग नाही. घेऊन ठेवू का, रोज रात्री ऐकून झोपू?

सिस्टर_रात्रपाळी

नका घेऊ. पैसे वाया जातात हे सोडा, नुकसान दुसरंच आहे. बाळ हलेनासं झालं म्हणून जिनं दवाखान्यात यायला पाहिजे ती घरी यंत्र लावते, धकधक ऐकते, समाधान होतं आणि झोपते. ती धकधक बऱ्याचदा तिची स्वतःची असते, नाही तर वारेची सूं सूं असते. आणि खरंच बाळाची असली तरी ठोके चालू असणं म्हणजे बाळ ठीक असणं नव्हे. त्यापेक्षा बाळ कधी हलते, किती हलते याच्याकडं वहिनीला लक्ष द्यायला सांगा. रोजच्यापेक्षा हालचाल कमी वाटली की रात्र असो दिवस असो, सरळ यायचं. गोड खाऊन बघू, सकाळी बघू, असं नाही. पाणी गेलं, रक्त गेलं, डोकं खूप दुखते, डोळ्यापुढं अंधारी, तरी यायचं.

आणि तुम्ही अजून महत्त्वाची गोष्ट कोणालाच सांगितली नाही. वहिनीच्या कार्डावर काय काय लिहिलंय? बीपी, हिमोग्लोबिन, शुगर, सगळं. "कमी जोखीम, कमी जोखीम" आपण सगळे बोलत बसलो पण तिची जोखीम कमी आहे हे कोणी तपासलं?

नाल्यापलीकडचा

कार्ड काढलं. बीपी ११०/७०. हिमोग्लोबिन १०.२, आधी ९ होतं, गोळ्यांनी वाढलं. शुगर नॉर्मल. सोनोग्राफीत डोकं खाली. आणि एका कोपऱ्यात पेनानं लिहिलंय "सोल्यु. पॉझि." हे काय आहे? आम्हाला कोणी काही बोललं नाही.

गावठी_एमबीबीएस

बरं झालं सिस्टरनी विचारलं. सोल्युबिलिटी पॉझिटिव्ह म्हणजे सिकलसेलची, आईवडिलांकडून येणाऱ्या रक्ताच्या आजाराची, प्राथमिक चाचणी पॉझिटिव्ह आली. आपल्या भागात हे खूप आहे, घाबरू नका पण सोडूनही देऊ नका. या चाचणीतून फक्त सिकल आहे एवढं कळतं, ती वाहक आहे, म्हणजे एएस, की आजार आहे, म्हणजे एसएस, हे कळत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही पुढची तपासणी लागते, सरकारीत फुकट होते, या आठवड्यातच करा. एएस असेल तर वर बोललेलं बहुतेक सगळं तसंच लागू. एसएस निघालं तर मात्र प्लॅन पूर्ण बदलतो. मग तालुक्याला डिलिव्हरी नाही, सरळ मोठं रुग्णालय, जिथं रक्त, भूल, बाळांचा आयसीयू एकाच छताखाली आहे, आणि तिथं कळा सुरू झाल्यापासून सतत मशीन लावायचीच. जोरदार बीपी, खूप कमी रक्त, जुळे, आधीचं सिझर, कमी वाढलेलं बाळ, हिरवं पाणी, कळांचं सलाईन, या बायांसाठी पण तसंच. मशीन बिनकामाची आहे असं मी कधीच म्हणाले नाही.

तिला कधी हाडं-सांधे जोरात दुखून भरती करावं लागलं होतं का, लहानपणी कावीळ, रक्त चढवणं?

नाल्यापलीकडचा

नाही मॅडम, असलं काही नाही. तिच्या मोठ्या भावाला मात्र रक्त चढवत होते लहानपणी.

गावठी_एमबीबीएस

मग तपासणी नक्की करा. आणि रिपोर्ट आल्याशिवाय कुठल्याच दवाखान्यात पॅकेजचे पैसे भरू नका.

विदर्भवादी_बावा

कोपऱ्यात पेनानं लिवून सोडून देल्लं. वा रे वा. आता याच्यावर कोनती मशीन लावावं सांगा मले.

नाल्यापलीकडचा

रिपोर्ट आला. एएस लिहिलंय, वाहक. हिमोग्लोबिन अजून वाढवा म्हणाले. सरकारीतच नाव टाकलं, पोळ्याच्या आठवडाभर आधी आर्वीला नेऊन ठेवतो, आणि भुलीचे डॉक्टर कोणत्या दिवशी असतात ते सिस्टरनी कार्डाच्या मागं लिहून दिलं. भाऊ अजून पटलेला नाही, पण पैसे त्याचे नाहीत.

सिस्टर_रात्रपाळी

छान. आता तुमची स्वतःची सोल्युबिलिटी झाली का? वहिनी वाहक आहे, तुम्ही पण वाहक निघालात तर प्रत्येक बाळामागं चारात एक धोका एसएसचा असतो. बाळ झाल्यावर त्याची पण तपासणी लागेल, ते आधी माहीत असलेलं बरं.

नाल्यापलीकडचा

माझी नाही झाली कधी. आर्वीलाच जावं लागेल की पीएचसीत होते?

सिस्टर_रात्रपाळी

पीएचसीत होते, बोटातून थेंबभर रक्त घेतात. सकाळी जा, दुपारनंतर लॅबवाला सापडत नाही.